लायगो गावाजवळ, पण वाट कुठून?

प्रश्न : आम्ही औंढा नागनाथजवळ राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. इथे लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, ठरल्यापासून तिने खगोलशास्त्रात जायचा ध्यास घेतलाय. मी म्हणतो, आधी इंजिनिअरिंग कर. ती म्हणते, मग ती वाट बंद होईल. कोणाचं बरोबर?
– एक पालक, जि. हिंगोली

उत्तर : वाट बंद होत नाही. पुण्याच्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, पीएचडीसाठी एमएस्सीवाल्यांबरोबर बीई, बीटेक झालेलेही अर्ज करतात. पण त्याआधी तिथे दिवसभर काय चालतं ते तिला कळू द्या. दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस तिथे शोधून सापडायचा नाही. आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे जुन्नरजवळ, गिरवलीला. तिथून रात्री येते ती माहिती, आणि मग महिनोन्‌महिने संगणकावर तिची छाननी. २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानातून गेलेली 'सूट' ही अतिनील दुर्बीण आयुकाने इस्रोच्या साथीने घडवली. त्यात ऑप्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर सगळ्यांचे हात लागले. तुमच्याकडच्या लायगोच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला, तरी तो टिपायचा! नुसत्या फिजिक्सवाल्यांच्या आवाक्यातलं हे काम नव्हे.

म्हणून तिलाच विचारा, गणितं सोडवत तासन्‌तास बसायला आवडतं की यंत्र उघडून बघायला? पहिलं असेल तर बीएस्सी फिजिक्स किंवा आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था. आयसरची प्रवेश परीक्षा वेगळी असते, जेईईच्या नादात तिचा फॉर्म राहून जातो. दुसरं असेल तर इंजिनिअरिंग खुशाल करू द्या. मात्र 'हाताशी डिग्री असावी' एवढ्यासाठी नको. चार वर्षं फिजिक्स सुटलं की पुन्हा हातात घेणं फार जड जातं.

पैशांचंही स्पष्ट सांगतो. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. फेलोशिप सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम, बहुतेकदा परदेशात, आणि कायमच्या जागा मोजक्याच. मध्येच बाहेर पडलेले डेटाच्या कामात सहज सामावतात, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

सध्या तिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घ्यावी. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला प्रदर्शन असतं, तिथे तिला घेऊन जा. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत तिथल्या परिसरात. तिथल्या इंजिनिअरांशी आणि संशोधकांशी तिला बोलू द्या, तुम्ही जरा लांब उभे राहा.