मामाच्या लेन्स आणि चौकातला स्टुडिओ

पत्र : मुलगा यंदा बारावी कॉमर्सला आहे. फोटोग्राफीच करायची म्हणून हट्ट धरून बसलाय. आमचं फलटणला किराणा दुकान आहे, कॅमेऱ्यासाठी ५०,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्याचा मामा म्हणतो निकॉन घ्या, त्याच्याकडे रिळाच्या निकॉन कॅमेऱ्याच्या दोन जुन्या लेन्स पडून आहेत, त्या तो फुकट देणार आहे. चौकातला स्टुडिओवाला म्हणतो कॅननशिवाय काही घेऊ नका. पोरगं स्वतः सोनीचं नाव काढतंय. कुठल्या कंपनीच्या डीएसएलआरमध्ये पुढे स्कोप आहे? आणि यात पोट भरतं का? – एक पालक, फलटण

नमस्कार,

तिघांनी तीन कंपन्या सांगितल्या आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याच्या घरात ज्या कंपनीच्या लेन्स, तो त्या कंपनीचा. या धंद्यात बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, चार-सहा वर्षांत बदलते, लेन्स मात्र वीस वर्षं सांभाळली जाते. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेतो : तुमच्या मुलाला कोणाच्या लेन्स वापरायला मिळतील?

आधी मामांकडे जाऊ. निकॉनने १९५९ साली बसवलेला लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला अडकवायची जागा, त्यांच्या डीएसएलआरवरही (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही) तोच राहिला, त्यामुळे मामांची लेन्स डीएसएलआरच्या बॉडीवर बसेल या त्यांच्या म्हणण्यात खोट नाही. बसेल, पण फोकस करेल का? त्या काळच्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसायची. मोटर कॅमेऱ्याच्या पोटात असायची आणि माउंटमधल्या एका बारीक स्क्रूने ती लेन्स फिरवायची. निकॉनच्या स्वस्त बॉड्यांमध्ये, म्हणजे डी३५०० किंवा डी५६०० मध्ये, ही मोटरच नाही. डी७००० च्या घराण्यात आहे. तेव्हा मामांना लेन्सवरची अक्षरं वाचून दाखवायला सांगा. नुसतं ‘एएफ’ असेल आणि शेवटी ‘डी’ असेल, तर डी३५०० वर हाताने रिंग फिरवत बसावं लागेल. हळदीत नवरीवर चारी बाजूंनी हात येत असताना ते जमत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलं असेल तर मोटर लेन्समध्येच आहे, काळजी नको. पण रिळाच्या काळातल्या लेन्सवर ते क्वचितच सापडेल. आणखी एक : त्या लेन्सवर छिद्राच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, आकड्यांची रिंग असते. ती सगळ्यात मोठ्या आकड्यावर, बहुधा २२ वर, नेऊन लॉक केली नाही तर कॅमेरा ‘एफ-ई-ई’ दाखवून अडून बसतो. असा ‘बिघडलेला’ कॅमेरा घेऊन एक मुलगा माझ्याकडे रडवेला होऊन आला होता. रिंग फिरवली, कॅमेरा चालू.

आता स्टुडिओवाले. कॅननने १९८७ साली जुना माउंट सरळ टाकून दिला आणि नवा ईएफ माउंट आणला. मोटर लेन्समध्येच, बॉडीशी संबंध फक्त विजेच्या टोकांचा. जुन्या गिऱ्हाइकांनी तेव्हा शिव्या घातल्या असणार. पण त्याचा फायदा असा की स्टुडिओवाल्यांची ७०-२०० ची झूम लेन्स कॅननच्या स्वस्त डीएसएलआरवरही लावली की लगेच फोकस पकडेल. स्वस्त बॉडीचा सेन्सर लहान असल्याने कॅननवर ५० एमएमची लेन्स ८० सारखी, म्हणजे जरा जास्त जवळ आणणारी, दिसते, निकॉनवर ७५ सारखी. हा फरक विसरून जा. हातवळण मात्र विसरता येत नाही. कॅनन आणि निकॉनची झूमची रिंग एकमेकांच्या उलट दिशेने फिरते, लेन्स चढवायची दिशाही उलटी. निकॉनवर हात बसलेला मुलगा स्टुडिओच्या कॅननवर पहिले दोन दिवस जवळ यायच्या ऐवजी लांब जात राहतो.

‘कॅननचा रंग चांगला, निकॉनचा पिवळा’ असलं बोलणं कानावर आलं असेल. थेट जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग ठरवून दिलेल्या फोटोत, थोडा फरक असतो, खरं आहे. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढून एडिट केलं की लग्नाच्या अल्बममध्ये कोण कुठला हे स्टुडिओवाल्यालाही सांगता येणार नाही. मी पैज लावलीय, अजून हरलो नाही.

मुलाच्या सोनीच्या हट्टात तथ्य आहे, पण ते डीएसएलआरच्या बाहेरचं. सोनीने २००६ साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा धंदा घेतला, काही वर्षं आरशाचे कॅमेरे काढले आणि मग सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर, लावला. निकॉन आणि कॅनन यांनीही २०१८ मध्ये फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) मिररलेस आणले. दोघांचे सगळ्यात वरचे डीएसएलआर २०२० चे आहेत. पेन्टॅक्स अजून आरसा धरून आहे, पण फलटणला त्याची लेन्स उसनी कोण देणार? म्हणजे ‘कुठल्या डीएसएलआरमध्ये स्कोप’ याचं सरळ उत्तर : कुठल्याच नाही. पण सगळे मिररलेसकडे धावत असल्यामुळेच चांगले डीएसएलआर स्वस्तात निघतायत, आणि छिद्र, शटर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) शिकायला त्यांच्यात काही कमी नाही. उद्या मिररलेस घेतला तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर (मधे लावायच्या जोडकड्यावर) ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या अडॅप्टरमध्ये स्क्रूवाली मोटर नाही, म्हणजे मामांची ‘डी’ लेन्स तिथेही हातानेच.

तेव्हा तुमच्यासाठी मी कॅनन म्हणेन, आणि कारण एवढंच की चौकातल्या माणसाकडे कॅनन आहे. तो निकॉनवाला असता तर निकॉन म्हणालो असतो.

नवा कॅमेरा मात्र घेऊ नका. वापरलेली बॉडी, ५० एमएम १.८ ची लेन्स, एक फ्लॅश, दोन कार्डं, एवढं या पैशात बसवा. कॅननच्या २००डी ची दुसरी आवृत्ती कोणी दाखवली तर फ्लॅश लावायच्या खाचेत वाकून बघा, मधली पिन नसेल. तिथे कॅननने काटकसर केली. बाजारातले स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर (लांबचा फ्लॅश उडवणारे) त्याच पिनेवर चालतात, आणि लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅशशिवाय भागत नाही. शटर किती वेळा पडलं, हे निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये नसतं, केबल लावून सॉफ्टवेअरने बघावं लागतं, म्हणून सोबत लॅपटॉप न्या. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मी एकदा दुकानदाराच्या ‘धूळ आहे साहेब’वर विश्वास ठेवला होता, ती लेन्स अजून माझ्या कपाटात आहे. आणि हो, पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा. दुकानातल्या तांदळाच्या पिंपात नाही, तांदळाची पावडर आत जाते.

पोट भरतं का? भरतं, पण वर्षभर एकसारखं नाही. तुळशीचं लग्न लागलं की तारखा, आषाढात शुकशुकाट. कमावणाऱ्यांपैकी बरेच जण एडिटिंग आणि व्हिडिओवर तग धरतात. हे तुमच्या मुलाला मी सांगून पटणार नाही. या सीझनला त्याला स्टुडिओवाल्याच्या हाताखाली पाठवा, दोन-तीन लग्नं. आधी बॅग उचलेल, लाइट धरेल, बॅटऱ्या चार्ज करेल. मग कोणीतरी म्हणेल, जा, पंगतीचे काढ. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या वरातीपर्यंत उभं राहून घरी आल्यावरही दोन हजार फोटोंतून निवड करायची इच्छा उरली, तर त्याला अडवू नका.

शिक्षणाचं राहिलं. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते, राज्यातल्या कला महाविद्यालयांत, आणि त्यात फोटोग्राफी हा विषय घेता येतो. कॉमर्सची अडचण नाही. पण प्रवेशासाठी कला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यावी लागते आणि तिच्यात कॅमेरा नसतो, पेन्सिल असते : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, एनआयडी या डिझाइन संस्थेचा गांधीनगरला चालणारा फोटोग्राफी डिझाइनचाही तसाच. त्यामुळे ते आत्ता डोक्यात घेऊ नका. त्याने शेवटचं चित्र कधी काढलं, तेवढं विचारून मला कळवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर तेही लिहा. सीईटीच्या तयारीला किती महिने लागतील, ते मला त्यावरूनच सांगता येईल.