एस.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. मे महिन्यात रिसर्च करायला कुठे मिळेल? सर्टिफिकेट मिळतं का?

मेचं मार्चमध्ये विचारताय, म्हणजे मुख्य गाडी सुटली. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात; तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरातच बंद होतात. सर्टिफिकेट मिळतं. ते पैसे भरून घरबसल्याही मिळतं, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

अर्ज अडतो तो शिफारसपत्रावर. यावरून आमच्या स्टाफरूममध्ये माझं जुनं भांडण आहे. एक सहकारी सगळ्यांना एकच मजकूर देतात: 'नियमित, प्रामाणिक, आज्ञाधारक.' नाव तेवढं बदलतं. वर म्हणतात, "वाचतंय कोण?" अहो, निवड करणारा तेच वाचतो! पंच्याऐंशी टक्केवाल्यांची रांग लागलेली असते, मग फरक कुठून कळणार? आज्ञाधारकपणाचं लॅबमध्ये करायचं काय?

पत्र विभागप्रमुखांकडून नको, ज्यांनी तुमची प्रॅक्टिकल्स घेतली त्यांच्याकडून घ्या. त्यांना पंधरा दिवस आधी जर्नल नेऊन दाखवा आणि एक बिघडलेला प्रयोग आठवून द्या. समजा, आयोडोमेट्रीत, म्हणजे थायोसल्फेट टाकत आयोडीन मोजायच्या टायट्रेशनमध्ये, थायोसल्फेटची रीडिंग्ज जुळत नव्हती. स्टार्च सुरुवातीलाच टाकला होता. आयोडीन भरपूर असताना ते स्टार्चला घट्ट धरून बसतं, निळा रंग वेळेवर जात नाही आणि एंडपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, पुढे सरकतो. द्रावण फिकट पिवळं झाल्यावर स्टार्च टाकून पुन्हा केलं, तेव्हा रीडिंग्ज ०.१ मिलीच्या आत आली. हे तुम्ही स्वतः शोधलं असेल तर पत्रात हेच यायला हवं. अर्जात तुमच्या आवडीबद्दल जो छोटा मजकूर मागतात त्यातही असंच काही लिहा. 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' खोडून टाका.

आता यंदाचं. जवळच्या संस्थेतल्या चार-पाच शास्त्रज्ञांना वेगवेगळी ईमेल करा. आठ ओळी पुरेत: त्यांच्या अलीकडच्या पेपरातली एक गोष्ट, तुम्हाला हाताने काय करता येतं, कुठून कुठपर्यंत येऊ शकता, राहायची सोय स्वतःची आहे का. मार्कशीट पीडीएफमध्ये, मोबाइलवर काढलेला तिरका फोटो नको. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर 'रिस्पेक्टेड सर' बाईंना जातं आणि काम तिथेच संपतं. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. स्टायपेंड बहुधा मिळणार नाही.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) कार्यक्रम खास बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांसाठी आहे, तो जरूर बघा. अमेरिकेतल्या आरईयूच्या, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या तिथल्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमांच्या, नादी लागू नका. एनएसएफचा (तिथल्या सरकारी विज्ञान निधी संस्थेचा) तो पैसा तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतो.

आणि हो, विभागप्रमुखांनीच तुमची प्रॅक्टिकल्स घेतली असतील तर पत्र खुशाल त्यांचंच घ्या. फक्त मजकूर आधीच छापून ठेवलेला नाही ना, एवढं बघा.