बीई मेकॅनिकल होऊन आठ महिने झाले, पहिली नोकरी मिळत नाही: काय करू?

तू लिहिलंयस की लातूरहून पुण्याजवळ आकुर्डीत येऊन कॉट बेसिसवर राहतोस, रोज पोर्टलवर अर्ज टाकतोस, फोन आलाच तर 'अनुभव किती?' एवढंच विचारतात. आता एक कन्सल्टन्सी 'जॉइनिंग नक्की' म्हणून पैसे मागतेय, वडील परत बोलावताहेत आणि मित्र सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या क्लासला चल म्हणतोय.

आधी कन्सल्टन्सीचं. एक रुपयाही देऊ नकोस. खरी एजन्सी आपली फी कंपनीकडून घेते. रजिस्ट्रेशन, मेडिकल, गेटपास, नाव काहीही देवोत, पैसे मागितले की उठून यायचं. ओरिजिनल मार्कशीट दाखवायची, झेरॉक्स द्यायची, पण ठेवून यायची नाही.

मी भोसरी एमआयडीसीत बरीच वर्षं क्वालिटीत आहे, फ्रेशरच्या मुलाखती घेते. पोर्टलवर एकेका जागेला इतके अर्ज येतात की एचआर अनुभवाचा फिल्टर लावते आणि तुझं नाव कुणाच्या नजरेलाच पडत नाही. यात तुझी लायकी कुणी तपासलेलीच नाही, हे मनाशी पक्कं धर. आमच्यासारख्या छोट्या युनिटच्या जागा तर पोर्टलवर चढतच नाहीत. सुपरवायझरला विचारतात, 'ओळखीत कुणी पोरगा आहे का?' म्हणून भोसरी, तळवडे, चाकणला स्वतः जा आणि गेटवर सीव्ही दे. सकाळी अकराच्या सुमारास गेलेलं बरं, तोवर प्रॉडक्शनची मीटिंग उरकलेली असते.

मुलाखतीत मी टक्केवारी फारशी बघत नाही. टेबलावर एक पार्ट, त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्निअर (जाडी-व्यास मोजायचं उपकरण) ठेवते. भोकावर 25 एच7 लिहिलेलं असतं. याचा अर्थ भोक 25.000 ते 25.021 मिमीच्या आत हवं. मग विचारते, हे या व्हर्निअरने तपासशील का? त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याला कळणारं सर्वांत लहान माप, 0.02 मिमी, आणि भोकाला दिलेली सगळी सूट मिळून 0.021. म्हणजे नाही, बोअर गेज किंवा प्लग गेज, म्हणजे भोक बारकाईने तपासायची साधनं, लागणार. एवढं ज्याला शांतपणे सांगता येतं त्याला मी पुढे बसवते. अशी मुलं खरंच कमी येतात, आणि हे एका महिन्यात शिकता येतं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सरांना विनंती कर, उपकरणं हातात घे.

अप्रेंटिसशिपला कमी लेखू नकोस. केंद्र सरकारच्या नॅट्स (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये स्टायपेंड ठरला आणि त्या किमान रकमेतला अर्धा वाटा सरकारने उचलायचा, त्यामुळे कंपनीलाही परवडतं. नंतर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे आधीच धरून चाल. पण प्रमाणपत्र मिळतं आणि 'अनुभव किती?' याला सांगण्यासारखं उत्तर मिळतं. वर्षभर नोकरी झाली की मात्र या योजनेत घेत नाहीत, म्हणून नोंदणी आत्ताच कर.

वडिलांना फोनवर नुसतं 'बघतोय' म्हणू नकोस. कुठल्या कंपनीत गेलास, काय विचारलं, काय आलं नाही, ते सांग. घरून पैसे पाठवणाऱ्या माणसाला तेवढं कळायला हवं.

टेस्टिंगची मनापासून आवड असेल तर जरूर कर. घाबरून फी भरणार असशील तर दोन महिने थांब आणि कंपन्यांच्या गेटवर फिर. ड्रॉइंग वाचताना अडलं तर फोटो टाक, शिफ्ट सुटल्यावर बघते.