जर्मनीतल्या लाइपझिगचा युरोपीय सामंजस्याचा पुस्तक पुरस्कार मराठी लेखकाला मिळू शकतो का? अर्ज कुठे करायचा?

अडचण पासपोर्टची नाही, भाषेची आहे. २०१४ साली हा पुरस्कार भारतीय लेखक पंकज मिश्रांना मिळाला, तोही आशियावरच्या पुस्तकासाठी. १९०५ साली त्सुशिमाला जपानने रशियाचं आरमार बुडवलं, तिथून ते सुरू होतं आणि इस्लामी विचारवंत अल-अफगाणी, टागोर असं पुढे जातं. म्हणजे युरोपकडे बाहेरून बघणारं पुस्तकही चालतं. पण पुरस्कार जाहीर झाला तो जर्मन आवृत्तीच्या नावाने. तेव्हा अर्जाचं नंतर बघा, आधी जर्मन प्रकाशक शोधा.

१९९४ पासून लाइपझिग शहर, सॅक्सनी राज्य, पुस्तक-व्यावसायिकांची संघटना आणि लाइपझिगची पुस्तक-जत्रा भरवणारी कंपनी मिळून हा पुरस्कार देतात. रक्कम सध्या २०,००० युरो. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, गेवांडहाउस या संगीतसभागृहात तो दिला जातो. कल पूर्व युरोपकडे: पहिला मानकरी पोलंडचा लेखक कापुश्चिन्स्की; हंगेरीचे केर्तेस (१९९७) आणि बेलारूसच्या अलेक्सिएविच (१९९८) यांना इथे आधी मिळाला, नोबेल नंतर. जत्रेचा स्वतःचा २००५ पासूनचा पुरस्कार वेगळा आहे (ललित, ललितेतर, अनुवाद). बातम्यांत दोघांची सर्रास गल्लत होते.

आता कामाचं. मराठी प्रकाशकाशी केलेला करार काढा आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत ते बघा. अनेक करारांत त्याबद्दल ओळच नसते. तसं असेल तर आधी लेखी खुलासा घ्या. मग दोन पानांचा सारांश आणि २०-३० पानांचा नमुना अनुवाद. जर्मन संपादक इंग्रजी वाचतात, मराठी वाचणारा मिळणं कठीण, म्हणून नमुना इंग्रजीत चालेल. पूर्ण पुस्तक मात्र शक्यतो थेट मराठीतून जर्मनमध्ये जाऊ द्या. इंग्रजीच्या वळशाने 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही 'यू'मध्ये विरघळतात. सासऱ्याला 'अहो' म्हणणारी सून एका भांडणात 'तू' वर येते, ती ठिणगी तिथेच विझते. गंमत अशी, की जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' तयारच आहेत!

आणि लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक छापणाऱ्या जर्मन कंपन्यांच्या नादी लागू नका. तशा पुस्तकांना समीक्षक सहसा हातही लावत नाहीत.