आयसोक्रायसिस फिकट पडतंय? आधी नायट्रेट मोजा, मग युरियाचं बघू

शिंपले-कोळंबीसारख्या जलचरांच्या अळ्यांना खाऊ घालायला वाढवलेल्या आयसोक्रायसिस या सूक्ष्म समुद्री शैवालाचा पाचव्या दिवशी सोनेरी रंग उडतो, आणि सोडियम नायट्रेटऐवजी युरिया किंवा अमोनियम सल्फेट चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी रंगाचं. एफ/२ माध्यमात, म्हणजे समुद्री शैवाल वाढवायच्या नेहमीच्या पोषक द्रावणात, लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट असतं, म्हणजे नायट्रोजन जेमतेम १२ मिलिग्रॅम. पेशींच्या कोरड्या वजनात ७ टक्के नायट्रोजन धरला तर तो लिटरमागे ०.१७ ग्रॅम शैवालालाच पुरतो. उजेड आणि कार्बन डायऑक्साइड चांगला असेल तर कल्चर (टाकीत वाढवलेलं शैवाल) सहज त्यापुढे जातं आणि पेशी हरितद्रव्य मोडायला लागतात. रंग उतरेल त्या दिवशी नमुना गाळून समुद्री पाण्याला चालणाऱ्या किटने नायट्रेट मोजा. सुरुवातीला ते (सोडियम वगळून) लिटरला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शून्याजवळ आलं असेल तर कारण मिळालं. शिल्लक असेल तर डोस दुप्पट करून काही होणार नाही. फॉस्फेट आणि पीएच बघा.

पेशींच्या मोजणीवर मात्र विसंबू नका. नायट्रोजन संपल्यावरही आतल्या साठ्यावर विभाजन थोडा वेळ चालू राहतं, आकडा छान दिसतो, पण प्रथिनं घटत असतात. चरबी वाढते हे खरं, पण ती बहुतांशी साठ्याची. अळ्यांना हवं असलेलं डीएचए (एक ओमेगा-३ मेदाम्ल) तिच्यात फारसं नसतं. तेलासाठी शैवाल वाढवणाऱ्यांचे सल्ले खाद्यासाठी उचलू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता स्वस्त नायट्रोजन. नायट्रेटचं अमोनियम करायला पेशीला ८ इलेक्ट्रॉन खर्चावे लागतात. आयतं अमोनियम मिळालं की ती तेच आधी घेते. पण नायट्रेट घेताना पीएच चढतो आणि अमोनियम घेताना उतरतो. शिवाय भर उन्हात, कार्बन डायऑक्साइड कमी पडून पीएच ९ च्या वर गेला, तर अमोनियमचा मोठा हिस्सा विषारी अमोनिया होतो. उरलेला अमोनिया खाद्यासोबत थेट अळ्यांच्या टाकीत जातो. म्हणून अमोनियम सल्फेट मी टाळेन.

युरिया त्या मानाने सौम्य. ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेटइतका नायट्रोजन साधारण २६.५ मिलिग्रॅम युरियात मिळतो. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, ०.२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून नंतर घाला. युरिया फोडणाऱ्या युरिएज एन्झाइमला निकेल लागतं आणि ते एफ/२ मध्ये नसतं, म्हणून आधी छोट्या फ्लास्कमध्ये तुमचा वाण कसा वाढतो ते बघा.

बीज कल्चर, म्हणजे मोठ्या टाकीत सोडायचं सुरुवातीचं शैवाल, नायट्रेटवरच ठेवा. युरिया फक्त शेवटच्या मोठ्या टाकीत, दोन हप्त्यांत द्या, आणि अळ्यांना पाजण्याआधी अमोनिया तपासा. काढणी रंग उतरण्याच्या आदल्या दिवशी करा.