फोन जवळ नसला की जीव कासावीस होतो

प्रश्न : माझं वय ४४. दीड वर्षापूर्वी एका रात्री फोन सायलेंटवर ठेवून झोपले. त्याच रात्री बाबा घरात पडले. आईने सात वेळा फोन केला, तो मी पहाटे पाहिला. बाबा आता बरे आहेत, पण तेव्हापासून मी आंघोळीलाही फोन आत नेते. गेल्या आठवड्यात तो दोन दिवस दुरुस्तीला दिला होता. तळहातांना घाम, छातीत धडधड, आणि फोन नसतानाही मांडीशी थरथर जाणवायची. मुलगी म्हणते, "आई, तुला व्यसन लागलंय." हा आजार आहे का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सात मिस्ड कॉलपाशी थांबले. मुलीच्या शब्दाशी मी सहमत नाही. तुम्हाला फोन बघत बसायचं नाहीये. तो वाजला तर उचलता यायला हवा, एवढंच हवंय.

फोन दुरावण्याच्या भीतीला 'नोमोफोबिया' म्हणतात. 'नो मोबाइल फोन फोबिया'चं हे आखूड रूप २००८ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीतून रूढ झालं. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या 'डीएसएम-५'मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. पण म्हणून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोक शब्दकोडं सोडवत असताना त्यांचा फोन हाताला येणार नाही, पण ऐकू येईल असा ठेवला होता. तो वाजला आणि उचलता येईना, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला. तुमची धडधड त्याच जातीची आहे. मांडीशी जाणवणारी थरथरही पुष्कळांना जाणवते. मन एखाद्या खुणेची सतत वाट पाहत असलं, की कपडा घासला तरी त्याला ती खूण वाटते.

त्याच वर्षी आयोवा स्टेट विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ही भीती मोजण्यासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात भीतीचे चार पदर आहेत : कुणाशी बोलता न येणं, जगाशी नातं तुटणं, माहिती न मिळणं आणि सोय जाणं. तुमच्या पत्रात मला पहिलाच दिसतो. त्यामुळे 'स्क्रीन टाइम कमी करा' हा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

आधी आईबाबांची सोय लावा. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असतानाही निवडक नंबरांची रिंग वाजेल अशी सेटिंग फोनमध्ये असते. त्यात आईचा नंबर घाला आणि तिच्याकडून फोन करवून खात्री करून घ्या. तुम्ही उचलला नाही तर तिने कुणाला फोन करायचा, ती दोन नावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्याकडे द्या. त्या रात्री तिच्याकडे फक्त तुमचाच नंबर होता का, हेही एकदा तिला विचारा.

मग सराव. रिंग मोठी करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सुरुवातीला दहा मिनिटं. अस्वस्थता शून्य ते दहापैकी किती, ते दर दोन मिनिटांनी वहीत लिहा. आकडा चढेल. तेव्हा उठून फोन आणलात तर फोननेच वाचवलं असं मनाला वाटेल, म्हणून तो उतरायला लागेपर्यंत बसून राहा. दहा मिनिटांत उतरला नाही तर आणखी थांबा. चार-पाच दिवसांनी वेळ वाढवा. आंघोळीची पाळी शेवटी. ती घाई मुळीच नको.

महिनाभरात फरक पडला नाही, झोप उडाली किंवा ती रात्र डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येत राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि फोनच्या आधी त्यांना बाबांच्या पडण्याबद्दल सांगा. आईशीही बोला. सात वेळा फोन लावताना तिच्यावर काय गुदरलं, हे तुम्ही दोघी एकमेकींशी बोलला आहात का, ते पत्रात कुठे आलेलं नाही.