पाहिलेले जुने चित्रपट आणि वाचलेली पुस्तकं यांची नोंद कशी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की लातूरला शिकता, जुने गाजलेले चित्रपट आणि पुस्तकं यांचा नाद लागलाय, पण चार-सहा महिन्यांनी नावापलीकडे काही आठवत नाही. वही ठेवावी की ॲप, आणि तारे कसे द्यावेत, असं विचारलंय.

वही ठेवा, चित्रपट आणि पुस्तकं मिळून एकच ठेवा, आणि तारे देऊ नका. मी परभणीत राहते, नोकरी आणि घर सांभाळून बरीच वर्षं अशी वही लिहिते आहे. त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

एकच वही का, तर आपल्याकडचे कितीतरी चांगले चित्रपट पुस्तकांतून आलेत. वह्या वेगळ्या ठेवल्या की हा धागा तुटतो. 'कुंकू' (१९३७) ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून आला, 'जैत रे जैत' (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून आणि 'उंबरठा' शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र आल्यात, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. आता जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) घ्या. तोही अकुतागावा या जपानी लेखकाच्या दोन कथांवरून केलेला आहे. पावसातला पडका दरवाजा एका कथेतला, आणि खुनाच्या परस्परविरोधी साक्षी दुसऱ्या कथेतल्या. 'सिंहासन' आणि 'राशोमोन' या दोन नोंदी माझ्या वहीत मागेपुढे आल्या म्हणून हे साम्य माझ्या लक्षात आलं. तारखेप्रमाणे लिहीत गेलं की असे शेजार आपोआप जमतात.

नोंदीचे दोन भाग करा. पहिला भाग कोरडा, पण तो टाळू नका. नाव, साल, दिग्दर्शक किंवा लेखक एवढं सगळेच लिहितात. त्यापुढे जाऊन तुम्ही नेमकी कोणती प्रत पाहिली किंवा वाचली ते लिहा. यूट्यूबवर जुन्या चित्रपटांच्या प्रती बऱ्याचदा कापलेल्या असतात, एखादं गाणं गायब, एखादा प्रसंग मध्येच तुटलेला. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसलं तर तिथे थांबवा आणि लांबीचा आकडा उतरवून घ्या. पस्तीस मिलिमीटरची बोलपटाची फिल्म मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे साधारण सव्वासत्तावीस ते साडेसत्तावीस मीटर धावते. म्हणून सर्टिफिकेटवर ३,६०० मीटर असेल तर चित्रपट दोन तास अकरा मिनिटांच्या आसपास असायला हवा. तुमच्यासमोरची फाइल पावणेदोन तासांची असेल तर बरंच काही गेलंय असं समजा आणि तसं वहीत लिहा. एक सूट मात्र द्यायची. जुन्या पॅल पद्धतीच्या टीव्ही-डीव्हीडीवर सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चित्रं धावतात, त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो. तेवढ्या फरकाला कात्री जबाबदार नसते. आणि सर्टिफिकेटवरची तारीख चित्रपटाचं साल म्हणून उतरवू नका. जुन्या चित्रपटांना नंतर पुन्हा सर्टिफिकेट घेतलेलं असू शकतं.

प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांची भाषाही लिहा. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, 'माणूस' 'आदमी' झाला, 'शेजारी' (१९४१) 'पडोसी' झाला. हे नुसते डब केलेले चित्रपट नाहीत, दोन्ही भाषांत वेगळे चित्रित केलेले आहेत आणि काही ठिकाणी नटही वेगळे आहेत. 'पडोसी'त हिंदू म्हातारा मजहर खान यांनी केलाय आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदारांनी. ज्या काळात हा चित्रपट आला तो काळ आठवला की ही निवड फार मोठी वाटते. मराठीत मात्र हिंदू म्हाताऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत. वहीत फक्त 'शेजारी पाहिला' लिहून मोकळं झालात तर पुढे हे कुठून कळणार?

पुस्तकाच्या बाबतीत आवृत्ती, प्रकाशक आणि प्रत कुठून मिळाली ते लिहा. आपल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या वाचनालयांत अजूनही फार जुन्या प्रती निघतात, आणि त्यांच्यावर कधीकधी नुसता शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेसाठी ७९ मिळवायचे. पान क्रमांकाबरोबर प्रकरणही लिहा, कारण नव्या आवृत्तीत पानं सरकतात आणि मग सापडता सापडत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पुस्तकातलं वाक्य उतरवलं तर अवतरणचिन्हं घालाच. वर्षभराने वही उघडाल तेव्हा कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं तुमचं, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येणार नाही.

दुसरा भाग खरा महत्त्वाचा. तिथे मत लिहू नका, दिसलं ते लिहा. 'अप्रतिम', 'संथ', 'काळाच्या पुढचा' हे शब्द वर्षभराने वाचले की त्यातून काहीच उभं राहत नाही. एक प्रसंग, एक आवाज, एक वस्तू लिहा. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते त्या घरातले आवाज. एवढी एक ओळ लिहिली तरी सगळं घर परत डोळ्यांसमोर येतं.

'संत तुकाराम' (१९३६) मी आईबरोबर पाहिला. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, विष्णुपंत पागनीसांनी तुकाराम केला, हे सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्या वहीत मात्र जिजाई आहे. पोर आजारी पडलंय, घरात काही नाही, नवरा देवाचं नाव घेत बसलाय, आणि ती पायातली चप्पल हातात घेऊन थेट विठ्ठलासमोर उभी राहते. आई एकदम पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "बघ की, देवाला खेटर दाखवायलीय! दाखवंल नाही तर काय करंल, लेकरू हाय तिचं." ते वाक्य मी तसंच्या तसं उतरवलं. त्या चित्रपटावर पुढे बरंच वाचलं, पण आईच्या त्या वाक्याने जिजाई जितकी जवळ आली तितकी कुठल्या लेखाने आणली नाही. म्हणून सांगते, कुणाबरोबर पाहिलं आणि ते माणूस काय बोललं, हेही लिहा. आपल्या आया-आज्यांनी असे चित्रपट यात्रेत तंबूत पाहिलेत, दूरदर्शनवर पाहिलेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, फक्त कुणी विचारत नाही.

याच चित्रपटातलं 'आधी बीज एकले' ऐकलं की वाटतं तुकोबांचा अभंगच. तो लिहिलाय शांताराम आठवल्यांनी, या चित्रपटासाठी. अशी खातरजमा करून वहीत टाकलेली गोष्ट पुढे पक्की राहते. ती मी वेगळ्या शाईने लिहिते, म्हणजे पाहताना काय वाटलं आणि नंतर काय कळलं ते वेगळं राहतं.

आता ताऱ्यांबद्दल. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना जगातले सर्वोत्तम चित्रपट विचारतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्ह्ज' सर्वांत वर होता, तेव्हा तो चित्रपट येऊन चारच वर्षं झाली होती. १९६२ ते २००२ 'सिटिझन केन', २०१२मध्ये 'व्हर्टिगो', २०२२मध्ये शांताल अकेरमानचा 'जान दीलमान'. जन्मभर हेच काम करणाऱ्यांचा क्रम असा हलत असेल तर आपण आज रात्री दिलेले साडेतीन तारे पुढच्या वर्षी आपल्याला काय सांगणार? ते कशाचे होते हेसुद्धा आठवत नाही. त्यापेक्षा 'शेवटच्या अर्ध्या तासात घड्याळ पाहिलं' असं लिहा, ते खरं असतं.

दुसऱ्यांदा पाहाल किंवा वाचाल तेव्हा जुनी नोंद आधी उघडू नका. नवी नोंद पूर्ण लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वहीचा सगळ्यात मोठा आनंद मला इथेच मिळतो. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नोंदीत गंगाराम शिंप्याचा संताप आणि गावातला जाच भरलेला होता. कादंबरी त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्याच बोलीत आहे, याचा उल्लेखसुद्धा नव्हता. पुढे लग्न झालं, संसार झाला, आणि परत वाचली तेव्हा पानभर फक्त तिचंच लिहिलं गेलं. ती काय बोलते आणि काय गिळून टाकते, ते. कादंबरी तीच होती. बोराडे तुमच्याच जिल्ह्यातले, काटगावचे. अजून वाचली नसेल तर वहीची सुरुवात तिथूनच करा, आणि ज्या बोलीतले शब्द आता घरात ऐकू येत नाहीत ते मागच्या पानांवर उतरवत जा.

समीक्षेचंही तसंच. आधी स्वतःची नोंद, मग समीक्षा. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं 'धार आणि काठ' हे मराठी कादंबरीवरचं पुस्तक इतक्या ठामपणे बोलतं की ते आधी वाचलं तर आपलं म्हणणं तोंडातच राहतं. आपली नोंद झाल्यावर वाचलं तर त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि कुरुंदकर तर वादासाठीच वाचावेत.

अर्धवट सोडलेलंही लिहा. 'पान साठवर सोडलं, नावं लक्षात राहीनात' एवढं पुरे. काही पुस्तकं योग्य वयात हाताला लागत नाहीत. सोडल्याची नोंद असली की ती पुन्हा हातात घेतली जातात.

ॲप वाईट नाही. चित्रपटांसाठी लेटरबॉक्स्ड आणि पुस्तकांसाठी गुडरीड्स, यांवर यादी छान राहते, आणि दोन्हींवरून आपली माहिती फाइलमध्ये उतरवून घेता येते. ती मधूनमधून घेत जा. पण मराठी नावं तिथे रोमन लिपीत तऱ्हेतऱ्हेने लिहिलेली असतात, शोधताना जीव जातो. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नसतो, त्यामुळे बारकोड स्कॅन करायचा प्रश्नच येत नाही. लेटरबॉक्स्डची माहिती टीएमडीबी या खुल्या कोशातून येते आणि तिथे कुणालाही भर घालता येते. एखादा मराठी चित्रपट सापडला नाही तर तुम्हीच नोंदवा, सगळ्यांचं काम होईल. यादी ॲपमध्ये आणि लिहिणं वहीत, अशी वाटणी मला तरी सोयीची पडते.

मागचं सगळं आठवून तारखा लावत बसू नका. त्यातच उत्साह संपतो. पहिली दोन पानं 'आधी पाहिलेलं-वाचलेलं' म्हणून नुसत्या नावांना द्या आणि आज रात्री जे पाहाल तिथून तारीख टाकायला लागा. झोपण्याआधी लिहा, सकाळपर्यंत नटाचा चेहरा राहतो पण वाक्य जातं. शेवटची काही पानं सूचीसाठी कोरी सोडा आणि डावीकडे प्रत्येक पानाला क्रमांक घाला, नाहीतर वही भरल्यावर 'उंबरठा' शोधायला सगळी चाळावी लागेल.